रात्रीचा छायाचित्रकार : आल्फ्रेड स्टीग्लिट्झ

छायाचित्र म्हणजे प्रकाशाने काढलेले चित्र, ही व्याख्या आपण शाळेत असल्यापासून ऐकत आलो आहोत. लख्ख ऊन असले की फोटो चांगला येतो आणि आभाळ भरून आले की फोटोग्राफरच्या कपाळाला आठ्या पडतात, हा अनुभवही सर्वांचाच. आजच्या कॅमेऱ्याला अंधाराचे फारसे भय उरलेले नाही. पण सव्वाशे वर्षांपूर्वी, कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी आणि फिल्म म्हणजे काचेची तकतकीत प्लेट होती त्या काळात, एक माणूस न्यूयॉर्कमध्ये मध्यरात्री घराबाहेर पडत असे. पाऊस असला तर त्याला आनंद होई. बर्फ पडले असेल तर विचारायलाच नको. शहरातल्या मोठ्या बागेच्या कोपऱ्यावर, दिव्यांनी उजळलेल्या हॉटेलांसमोर आणि पर्णहीन झाडांच्या रांगांपुढे तो तिपाई रोवून उभा राही. त्याचे नाव आल्फ्रेड स्टीग्लिट्झ. छायाचित्रण ही कला आहे की नुसती यंत्राची करामत, या प्रश्नावर त्याने आपले सारे आयुष्य पणाला लावले. त्या लढ्याच्या आरंभीचा एक महत्त्वाचा टप्पा त्याने या रात्रींत गाठला.

स्टीग्लिट्झचा जन्म १ जानेवारी १८६४ रोजी न्यूयॉर्कसमोर हडसन नदीच्या पलीकडे असलेल्या होबोकेन या गावी झाला. आईबाप जर्मनीतून आलेले ज्यू. वडील एडवर्ड लोकरीचे व्यापारी. त्यांना धंद्यात बरकत आली होती आणि चित्रे, संगीत, गप्पागोष्टी यांची त्यांना मनापासून आवड होती. सहा भावंडांत आल्फ्रेड सर्वांत थोरला. १८७१ साली हे कुटुंब मॅनहॅटनमध्ये साठाव्या रस्त्यावर राहायला आले. सेंट्रल पार्क ही प्रसिद्ध बाग तिथून हाकेच्या अंतरावर होती. पुढच्या साऱ्या हकिकतीत ही बाग पुन्हा पुन्हा येते, म्हणून तिच्याविषयी दोन शब्द सांगायला हवेत.

सेंट्रल पार्क ही जुन्या रानाची उरलेली पट्टी आहे असे पाहणाऱ्याला वाटते, पण ती माणसाने घडवलेली आहे. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट व्हॉक्स या दोघांच्या आराखड्यानुसार १८५८ साली कामाला सुरुवात झाली आणि ते १८७६ पर्यंत चालले. ८४३ एकरांची ही जागा. तळी खणली, टेकड्या रचल्या, झाडे लावली, वाटा वळवल्या. शहर वाढत वाढत चारही बाजूंनी तिला भिडणार हे आराखडा करणाऱ्यांनी ओळखले होते, आणि झालेही तसेच. स्टीग्लिट्झ लहान होता तेव्हा बागेच्या कडेला पुष्कळ मोकळी जागा होती. तो तिशीत आला तोवर बागेच्या आग्नेय कोपऱ्यावर, पाचव्या ॲव्हेन्यूच्या चौकात, सॅव्हॉय आणि नेदरलँड यांसारखी उंच हॉटेले उभी राहिली होती. १८८० साली मेट्रोपॉलिटन या कलासंग्रहालयाची इमारत याच बागेच्या आवारात उघडली गेली. तेव्हा आल्फ्रेड सोळा वर्षांचा होता. त्या संग्रहालयात चित्रे होती, शिल्पे होती. छायाचित्रांना त्यात जागा मिळावी असा विचारही तेव्हा कोणाच्या मनात येण्याजोगा नव्हता.

१८८१ साली वडिलांनी धंद्यातून अंग काढून घेतले आणि मुलांच्या शिक्षणासाठी सारे कुटुंब जर्मनीला नेले. आल्फ्रेडने इंजिनियर व्हावे अशी त्यांची इच्छा. म्हणून तो बर्लिनच्या तांत्रिक महाविद्यालयात यंत्रशास्त्र शिकू लागला. तिथे त्याला हर्मन विल्हेल्म फोगेल हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक भेटले. प्लेटवरच्या रसायनात रंगद्रव्य मिसळले तर ती एरवी तिला न दिसणारे रंगही टिपू लागते, हा महत्त्वाचा शोध १८७३ साली लावणारे ते हेच. त्यांच्या हाताखाली स्टीग्लिट्झ यंत्रशास्त्र विसरला आणि कॅमेऱ्याचा झाला. शिक्षक एक प्रयोग सांगत, हा तो शंभरदा करून पाही. त्या दिवसांतली एक गोष्ट सांगितली जाते. एका तळघरात एक डायनॅमो ठेवलेला होता आणि तिथे एकच मिणमिणता दिवा होता. एवढ्या उजेडात छायाचित्र निघणे शक्य नाही असे सगळे म्हणत असता त्याने कॅमेरा लावला आणि प्लेट तब्बल चोवीस तास उघडी ठेवली. चित्र आले. हट्ट आणि धीर ही त्याची दोन हत्यारे त्या तळघरातच परजली गेली असे म्हणायला हरकत नाही.

१८८७ साली इंग्लंडमधल्या एका छायाचित्र-स्पर्धेत त्याला पहिले पारितोषिक मिळाले. परीक्षक होते पीटर हेन्री एमर्सन, त्या काळचे मोठे छायाचित्रकार आणि विचारवंत. युरोपात त्याचे नाव होऊ लागले. पण १८९० साली बहीण फ्लोरा बाळंतपणात दगावली आणि घरच्यांच्या इच्छेखातर तो न्यूयॉर्कला परतला. वडिलांच्या पैशाने मित्रांबरोबर छपाईच्या ब्लॉकांचा धंदा सुरू केला. त्यात त्याचा जीव रमला नाही आणि १८९५ च्या सुमारास त्याने तो सोडला. मधल्या काळात, १८९३ साली, त्याने एमेलिन ओबरमायर हिच्याशी लग्न केले. ती एका सधन घरची मुलगी. तिचा पैसा आणि वडिलांची मदत यांच्या आधारावर त्याला पोटापाण्याची चिंता न करता कलेच्या मागे लागता आले. ही गोष्ट त्याच्या चाहत्यांना सांगायला आवडत नाही, पण ती खरी आहे. कलेसाठी मी बाजाराकडे पाठ फिरवली असे म्हणणाऱ्याच्या पाठीशी पुष्कळदा दुसऱ्या कोणाची तरी तिजोरी असते.

परतल्यावर न्यूयॉर्क त्याला प्रथम कुरूप आणि बेशिस्त वाटले. मग हातात धरून वापरायचा एक छोटा कॅमेरा घेऊन तो रस्त्यावर उतरला आणि हळूहळू ते शहर त्याला दिसू लागले. २२ फेब्रुवारी १८९३ रोजी बर्फाचे वादळ चालू असता तो पाचव्या ॲव्हेन्यूवर तीन तास उभा राहिला आणि वादळातून वाट काढणाऱ्या घोडागाडीचे छायाचित्र त्याने टिपले. असल्या हवेत हातकॅमेऱ्याने चित्र घेणे हा वेडेपणा आहे असा तेव्हाचा समज होता. तो समज त्याने पुसला. त्यानंतर पाऊस, धुके, बर्फ हे त्याचे सोबती झाले आणि तिथून रात्रीकडे वळणे ओघानेच आले.

इथे थोडे तंत्राविषयी लिहिले पाहिजे. त्याशिवाय त्याच्या कामाची किंमत कळणार नाही.

त्या काळच्या प्लेटा आजच्या मानाने अतिशय मंद होत्या. भर उन्हात त्यांचे भागे. रात्री गॅसच्या किंवा विजेच्या दिव्यांच्या उजेडात मात्र झडप कित्येक मिनिटे, कधी अर्धा तासदेखील उघडी ठेवावी लागे. तेवढ्या वेळात रस्त्यावरून शंभर माणसे गेली तरी एकही प्लेटवर उमटत नसे, कारण एका जागी कोणीच पुरेसे थांबत नसे. गाड्यांची तर नुसत्या दिव्यांची रेघ उठे. म्हणजे रात्रीचे शहर छायाचित्रात ओसाड दिसे, जणू गाव उठून गेला आहे. दुसरी अडचण दिव्यांची. दिव्याचा प्रखर किरण काचेच्या प्लेटमधून आरपार जाई, मागच्या पृष्ठभागावर आपटून परत येई आणि दिव्याभोवती पांढरा भगभगीत डाग पडे. त्यासाठी प्लेटच्या पाठीवर काळसर लेप देण्याची युक्ती छायाचित्रकार करीत. तिसरी अडचण अशी की दिवे आणि काळोख यांच्यातले अंतर फार. दिवे नीट यावेत म्हणून लवकर झडप मिटली तर बाकीचे सारे काळे ठार, आणि झाडे-इमारती याव्यात म्हणून थांबले तर दिव्यांचा चिखल.

लंडनमध्ये पॉल मार्टिन या छायाचित्रकाराने १८९५-९६ च्या सुमारास गॅसदिव्यांच्या उजेडातील लंडनची चित्रे काढून या वाटेवर पाऊल टाकले होते. त्याच्या कामाने स्टीग्लिट्झला चालना मिळाली. न्यूयॉर्कमध्येही तो एकटा नव्हता. त्याच्याच क्लबातला विल्यम फ्रेझर सेंट्रल पार्कच्या दुसऱ्या कोपऱ्यावर, कोलंबस सर्कलच्या चौकात, पावसाळी रात्र टिपत होता. पण रात्रीच्या चित्रात जिवंत माणूस यायलाच हवा, हा ध्यास स्टीग्लिट्झचा. या विषयावर त्याने लेखही लिहिला. त्याने एक्स्पोजरचा वेळ खाली खाली आणत मिनिटाच्या आसपास आणला. एवढ्या वेळात क्षणभर रेंगाळलेला माणूस किंवा गिऱ्हाइकाची वाट पाहत उभी असलेली घोडागाडी प्लेटवर उतरू शकते.

पाऊस आणि बर्फ त्याला का हवे होते, हेही आता ध्यानात येईल. कोरडा रस्ता रात्री सगळा उजेड गिळून टाकतो. ओला रस्ता आरशासारखा तो परत फेकतो. हॉटेलच्या खिडक्यांतला उजेड खाली डांबरावर उतरतो, एका दिव्याचे दोन होतात आणि चित्राचा काळाकुट्ट खालचा भाग अचानक बोलू लागतो. सॅव्हॉय हॉटेलसमोरच्या चौकात १८९७ च्या सुमारास घेतलेल्या त्याच्या चित्रांचे बळ या ओल्या जमिनीत आहे. बर्फाचेही तसेच. जमीन पांढरी झाली की दूरचा दिवासुद्धा सारी वाट उजळतो आणि झाडांच्या काळ्या फांद्या त्यावर रेखल्यासारख्या उठून दिसतात. निसर्गाची अडचण त्याने अशी आपल्या कामाला जुंपली.

१८९८ च्या बर्फाळ रात्रीच्या चित्राची कथा त्याच्या चरित्रांतून नेहमी येते. न्यूमोनियाच्या दुखण्यातून तो नुकता उठत होता. बाहेर वादळ झाले होते आणि थंडी हाडे फोडीत होती. मध्यरात्र उलटल्यावर तो अंथरुणातून उठला, अंगावर कपड्यांचे थरावर थर चढवले आणि कॅमेरा घेऊन घरातल्यांना नकळत बाहेर पडला, असे सांगतात. त्या रात्री उतरलेल्या चित्रात फार काही नाही. बर्फाने झाकलेली एक वाट, कडेने गेलेली झाडांची रांग, बुंध्यांवर चिकटलेले हिम आणि पलीकडे शहराचे दिवे. माणूसही नाही. तरी त्या वाटेवरून कोणीतरी आत्ताच गेले असावे आणि पलीकडच्या उजेडात, उबेत पोहोचले असावे असे पाहणाऱ्याला वाटत राहते. बागेतली निजलेली झाडे आणि मागे जागे असलेले शहर, या दोहोंच्या मधोमध उभा असलेला चित्रकार आपल्याला न दिसता जाणवतो.

ही चित्रे प्रदर्शनांतून गाजली. १८९७ साली त्याच्या निवडक छायाचित्रांचा एक संच प्रसिद्ध झाला, त्यातही रात्रीच्या न्यूयॉर्कला स्थान होते. त्याच वर्षी तो न्यूयॉर्कच्या कॅमेरा क्लबच्या त्रैमासिकाचा संपादक झाला. पण क्लबातल्या पुष्कळ सभासदांना फोटोग्राफी म्हणजे रविवारची हौस वाटे आणि हा तर धर्म मानणारा. खटके उडू लागले. १९०२ साली त्याने आपल्या विचाराच्या छायाचित्रकारांचा वेगळा गट काढला आणि १९०३ पासून स्वतःचे नियतकालिक सुरू केले. ते १९१७ पर्यंत चालले. सुंदर कागद, सुंदर छपाई, आणि हिशेबाच्या नावाने शून्य. आरंभी हजाराच्या घरात असलेले वर्गणीदार शेवटी चाळिसाच्याही खाली आले. आपल्याकडे वाङ्मयीन मासिके चालवणाऱ्यांना ही कहाणी परकी वाटू नये.

१९०५ साली एडवर्ड स्टायकेन या तरुण छायाचित्रकाराच्या साथीने त्याने पाचव्या ॲव्हेन्यूवर २९१ क्रमांकाच्या इमारतीत लहानसे कलादालन उघडले. प्रथम तिथे छायाचित्रे लागली. मग १९०८ साली रोदँची रेखाटने आणि मातीसची चित्रे, १९११ साली पिकासो. अमेरिकेतल्या पुष्कळ लोकांनी नवी कला प्रथम पाहिली ती या दोन-तीन खोल्यांत. छायाचित्र आणि चित्र शेजारी शेजारी मांडायचे, म्हणजे दोन्ही आपापल्या बळावर उभी राहतात की नाही ते दिसेल, असा त्यामागचा विचार होता.

एवढ्यावर थांबलो तर हे चरित्र संतचरित्र होईल. स्टीग्लिट्झ संत नव्हता. तो हेकट होता, तासन्‌तास बोले, आणि मतभेद झाला की जुने मित्र तोडी. स्टायकेनशीही त्याचे पुढे बिनसले. एमेलिनबरोबरचा संसार कधी जमलाच नाही. १८९८ साली, त्याच बर्फाळ चित्राच्या वर्षी, त्यांना कॅथरिन ही मुलगी झाली. लहानपणी त्याने तिची पुष्कळ छायाचित्रे घेतली, पण बाप म्हणून तो तिच्या वाट्याला थोडाच आला. १९१८ साली तो जॉर्जिया ओ'कीफ या तरुण चित्रकर्तीसाठी घर सोडून गेला. १९२३ साली कॅथरिनला मूल झाले आणि त्यानंतर तिचे मन जे ढळले ते सावरले नाही. तिचे उरलेले आयुष्य इस्पितळात गेले. एका चित्रासाठी बर्फात तासन्‌तास उभे राहण्याचा धीर ज्याच्याजवळ होता, त्याच्याजवळ घरच्या माणसांसाठी तेवढा धीर नव्हता. त्याच्या कलेचे मोल यामुळे कमी होत नाही. पण त्या कलेची किंमत त्याने एकट्याने चुकती केली नाही, हे वाचकाने विसरू नये.

१९२४ साली एक घटना घडली, तिच्यात आपल्याला विशेष रस वाटावा. भारतीय कलेचे थोर अभ्यासक आनंद कुमारस्वामी तेव्हा बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात होते. ते स्वतः कॅमेरा हाताळीत आणि स्टीग्लिट्झचे मोल जाणीत. त्यांच्या पुढाकाराने त्या संग्रहालयाने स्टीग्लिट्झची २७ छायाचित्रे स्वीकारली. अमेरिकेतल्या मोठ्या कलासंग्रहालयाने छायाचित्र हे कलाकृती म्हणून आपल्या दारात घेण्याच्या अगदी पहिल्या प्रसंगांपैकी हा एक. चोळांचे नटराज आणि राजपूत चित्रे पाश्चात्त्यांना समजावून सांगणाऱ्या माणसाला कॅमेऱ्यातून आलेली कलाही ओळखता आली, यात आश्चर्य नाही. माध्यम परके आहे म्हणून कला नाकारायची नसते, हा धडा त्यांनी भारतीय मूर्तींच्या बाबतीत जगाला दिलाच होता.

पुढे सेंट्रल पार्कमधल्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाचे दारही उघडले. १९२८ साली तिथे त्याची छायाचित्रे गेली, आणि १९३३ साली त्याने स्वतः जमवलेली इतर छायाचित्रकारांची चारशेहून अधिक छायाचित्रे त्या संग्रहालयाला मिळाली. ज्या बागेच्या कोपऱ्यावर छत्तीस वर्षांपूर्वी तो पावसात भिजत उभा होता, तिच्याच आतल्या इमारतीत आता छायाचित्रे कलावस्तू म्हणून जपली जाऊ लागली.

रात्र त्याने शेवटपर्यंत सोडली नाही. १९१५ साली कलादालनाच्या मागच्या खिडकीतून त्याने बर्फाळ रात्री टिपल्या. १९२४ साली त्याने ओ'कीफशी विवाह केला आणि वर्षभरात ही दोघे शेल्टन हॉटेलच्या तिसाव्या मजल्यावर राहायला गेली. तिथल्या खिडकीतून, आणि मॅडिसन ॲव्हेन्यूवरच्या आपल्या शेवटच्या कलादालनाच्या सतराव्या मजल्यावरून, १९३० नंतरच्या काही वर्षांत त्याने रात्रीच्या न्यूयॉर्कची अखेरची चित्रे घेतली. आता तो पासष्टीच्या पुढे गेला होता. प्रकृती साथ देत नव्हती, पावसात उभे राहणे शक्य नव्हते. या चित्रांत काळ्याभोर आकाशाखाली मनोरे उभे आहेत आणि त्यांच्या अंगावर चौकोनी खिडक्यांचे दिवे लुकलुकत आहेत. ओला रस्ता नाही, घोडागाडी नाही, झाड नाही. रात्रीच्या चित्रात माणूस आणण्यासाठी ज्याने तरुणपणी एकेक सेकंद वाचवला, त्याच्या उतारवयातल्या रात्रींत माणूस दिसतो तो एवढाच : पेटलेल्या खिडकीच्या आड कोणीतरी असणार, एवढ्या खात्रीपुरता. शहर बदलले होते की पाहणारा बदलला होता, हे चित्रे शेजारी शेजारी ठेवून ज्याने त्याने ठरवावे.

१९३७ च्या सुमारास त्याने कॅमेरा खाली ठेवला. १३ जुलै १९४६ रोजी वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये त्याचे निधन झाले. त्याच्या अस्थी ओ'कीफने लेक जॉर्ज या सरोवराकाठी, त्याच्या आवडत्या जागी पुरल्या. नंतर तिने त्याच्या छायाचित्रांतून एकेका चित्राची उत्तम प्रत निवडून सोळाशेहून अधिक चित्रांचा संच वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनाला दिला. त्यातला मोठा भाग १९४९ साली आणि उरलेला १९८० साली तिथे पोहोचला.

आज रात्रीच्या दिव्यांचे चित्र काढणे ही कोणालाही जमणारी गोष्ट झाली आहे. दिवाळीतल्या रोषणाईचे किंवा बागेतल्या कारंज्याचे चित्र आपण चालता चालता घेतो. साधन सोपे झाले हे चांगलेच झाले. पण साधन अवघड असताना स्टीग्लिट्झने जे प्रश्न स्वतःला विचारले, ते सोप्या साधनाने सुटत नाहीत. या उजेडात मला नेमके काय पाहायचे आहे? या अंधारातून काय वगळायचे आहे? आणि या चित्रात माणूस कुठे आहे? त्या प्रश्नांची उत्तरे शोधायला त्याला बर्फात उभे राहावे लागले. आपल्याला निदान क्षणभर थांबायला तरी हवे.